कंपनीच्या वेळेतला स्वेटर

आमच्या मालकांशी भांडणच करता येत नसे. लखनौच्या अमीनाबादेत पंख्यांचा घाऊक धंदा करणारे हे वयस्क गृहस्थ माझ्यासारख्या कारकुनालाही ‘आप’ म्हणायचे, आणि नाही म्हणायची वेळ आली की आधी चहा मागवायचे. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या त्या डिसेंबरात त्यांनी मला आत बोलावून चहा मागवला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमचे म्हातारे मॅनेजर, सगळ्यांचे ‘बड़े बाबू’, नुकतेच निवृत्त झाले होते. मालक म्हणाले, “मैडम, अब वो कुर्सी आपकी। केबिन, घंटी, सब आपका।” खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेलही त्यात आलाच. तिकडे ज्याच्या पाठीमागे टॉवेल नसेल, त्याला साहेब कुणी समजत नसे.

मी विचारलं, “और तनख्वाह, सर?”

त्यांना खरोखर वाईट वाटलं. “अरे, हम इज़्ज़त की बात कर रहे हैं और आप पैसे ले आईं। फिर आपके साहब तो बैंक में हैं।”

हे शेवटचं वाक्य मला चांगलंच झोंबलं. नवरा बँकेत, म्हणून माझ्या कामाला मोल नाही! म्हाताऱ्या मॅनेजरना माझ्या दुप्पट पगार होता. त्यांची बायको शाळेत मुख्याध्यापिका होती, पण ते त्यांना कधी कुणी ऐकवलं नव्हतं. आणि ते करायचे काय? अकराला यायचे, पेपर वाचायचे, जेवण झालं की तो टॉवेल तोंडावर घेऊन झोपायचे. ऑर्डरी, बिलं, व्यापाऱ्यांचे फोन हे सगळं चार वर्षं मी एकटी निस्तरत होते.

घरी येऊन तणतणले, तर नवरा म्हणाला, “अगं, जाऊ दे ना यार, आपल्याला काय कमी आहे?” त्याच्या स्वेटरसाठी नुकतीच आणलेली लोकर समोरच होती. दुसऱ्या दिवशी ती मी सुयांसकट ऑफिसच्या पिशवीत टाकली.

मालक इज़्ज़त देत होते ना, मग ती पुरेपूर घ्यायची असं मी ठरवलं. अकराला पोचले, केबिनमध्ये बसले, घंटी वाजवून चहा मागवला, पेपर चाळला आणि विणायला घेतलं. लखनौच्या थंडीत बायका जिथे तिथे विणत असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. बाहेर माझ्या जुन्या टेबलावरचा फोन मात्र वाजत राहिला.

दुपारी मालक डोकावले. “मैडम, कानपुर वाले का बिल नहीं मिल रहा।”

“सर, वो तो क्लर्क देखता है।”

“तो क्लर्क कहाँ है?”

“उसका प्रमोशन हो गया, सर।”

ते अदबीनं हसले आणि स्वतःच फोन घ्यायला गेले.

उन्हाळ्याच्या ऑर्डरी थंडीतच ठरायच्या, त्यामुळे पुढच्या दिवसांत फार गंमत झाली. गोरखपूरचे पंखे सीतापूरला गेले आणि सीतापूरवाला ते परत द्यायला तयार होईना. मालक रोज केबिनमध्ये येऊन म्हणायचे, “बड़ा नफ़ीस रंग चुना है आपने,” आणि मी म्हणायचे, “शुक्रिया, सर.” आवाज दोघांचाही गोड. आतून मात्र मी घाबरलेली होते. काढून टाकलं तर? घर त्यावाचून अडलं नसतं, पण ती नोकरी माझी होती आणि मला ती हवी होती.

दुसरी बाही अर्धी झाली तेव्हा मालक समोर येऊन बसले. “मैडम, डेढ़ गुना कर देते हैं।”

मी सुया खाली ठेवल्या, घंटी वाजवली आणि दोन चहा सांगितले.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. या ऑफिसात आधी चहा कधी येतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार! त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, “अच्छा, जो बड़े बाबू को मिलती थी, वही।”

“और बाहर एक नया क्लर्क, सर।”

“वो भी।” उठता उठता ते दारात थांबले. “बस एक अर्ज़ है। ये स्वेटर दफ़्तर के वक़्त में बना है, तो माल कंपनी का हुआ न?”

मी उरलेली अर्धी बाही विणायला घेतली.

नवऱ्याच्या मापाचा तो स्वेटर मालकांच्या अंगावर चांगलाच ढगळ झाला, तरी सबंध थंडी त्यांनी तोच घातला. कुणी तारीफ केली की माझ्या केबिनकडे हात करून सांगायचे, “मैनेजर साहिबा ने बुना है। बहुत महँगा पड़ा।”

घरी नवरा कुरकुरला, “अगं, मग माझं काय?”

मी म्हटलं, “जाऊ दे ना यार, तुला काय कमी आहे?”