दम धर

हातात फरशी पुसायचा दांडा घेऊन अरोनकाका माझ्यासमोर उभे होते. मागे बाकांवर पंचवीस-तीस माणसं. दवाखान्यात मराठी जाणणारे ते एकटेच, म्हणून नर्सने त्यांना हाक मारून आणलं होतं. काका आमच्या रेवदंड्याचे. प्रार्थनेला माझ्या वडिलांच्या शेजारी बसायचे.

"पोरी, काय होतंय ते सांग. ही बाई घाई करतेय."

माझ्या आधीच्या रुमानियाच्या बाईला आत नेलं होतं, दार लावून. मला बाहेरच विचारलं.

मी खाली बघून पुटपुटले, "काका, अंगावर जातंय."

आपल्याकडच्या बाईला याहून उघड बोलावं लागत नाही. काका समजले. त्यांचे कान लाल झाले. पण हे परक्या बाईला, चारचौघांत, हिब्रूत कसं सांगायचं? त्यांनी सांगितलं, "हिच्या अंगावर काहीतरी आहे." नर्स एक पाऊल मागे सरकली. बाकाकडे वळून काहीतरी बोलली. "होदू" एवढं मला कळलं, म्हणजे इंडिया. लोक हसले. मला मलमाची ट्यूब मिळाली. बाकीचं मागाहून कळलं.

ही १९६३ची गोष्ट. आम्हा ज्यूंच्या नव्या देशात, दक्षिणेतलं नवं गाव, चहूकडे वाळू. नवरा अरादला बांधकामावर, शनिवारी, शब्बाथपुरता घरी यायचा. मी सुताच्या गिरणीत. लेकरं चार. चौथ्यानंतर मीच डॉक्टरला चार बोटं दाखवून हात हलवला होता, आता पुरे. मुंबईत आमच्या चाळीमागे कुटुंबनियोजनाचं केंद्र होतं. तिथल्या बाईने मला समोर बसवून सगळं समजावलं होतं, माझे वेडेवाकडे प्रश्न ऐकले होते. इथे डॉक्टरने टेबलावर झोपवलं, मूल राहू नये म्हणून आत एक अंगठी बसवली आणि दाराकडे बोट केलं. इथे सगळे धरून चालले होते, की आम्ही जंगलातून आलोय.

तेव्हापासून रक्त थांबेना. सासूबाई म्हणाल्या, दम धर. नवरा म्हणाला, दम धर. धरला. तीन महिने धरला. मशीनपुढे उभ्या उभ्या अंधारी यायची. दवाखान्यात तीनदा गेले, तीनदा काका, तीनदा मलम. ते कुठे लावायचं हेही कुणी सांगितलं नाही. मी थकले होते, इतकी की अपमानाचाही राग येत नव्हता.

शेजारी दोरा राहायची, पोलंडची. एक दिवस तिने माझ्या खिडकीतली ट्यूब उचलून वाचली आणि अंग खाजवून दाखवलं. खरजेचं मलम! रोज डोक्यावरून पाणी घेणारी बाई मी. मग मी तिला मोरीत नेलं, बादलीतले कपडे दाखवले. ती बादलीवर वाकली.

"दाम," ती म्हणाली. रक्त. माझ्या कानाला ते दम असंच ऐकू आलं.

तिलाही त्याच डॉक्टरने तीच अंगठी बसवली होती. पण तिला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. रक्त गेलं तर लगेच ये, काढून टाकू, असं सांगितलं होतं. खुणा करकरून तिने मला हे पटवलं. म्हणजे अंगठी काढता येत होती. मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी रडले, आणि रडता रडता पहिल्यांदा संतापले.

दुसऱ्या दिवशी नर्सने नेहमीसारखी काकांना हाक मारली. मी म्हटलं, "लो." नाही. हिब्रूतला तो माझा पहिला नकार. काकांना म्हटलं, "काका, तुम्ही जा. तुमची चूक नाही." आत शिरले आणि दार मीच लावलं.

"दाम," डॉक्टरला सांगितलं. तीन बोटं दाखवली. तीन महिने.

त्याने तपासलं. अंगठी काढली. मग उलट मलाच रागावून विचारलं, "लामा लो अमर्त?" आधी का नाही सांगितलंस?

मी टेबलावरून उतरले नाही. त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं, कागदाकडे बोट केलं. दोराला चित्र काढून दाखवलंस तसं मलाही दाखव, एवढंच मला म्हणायचं होतं. बाहेर रांग खोळंबली, नर्स दार ठोठावत राहिली. त्याने चित्र काढलं तेव्हाच मी चप्पल घातली.

गेलेली ताकद काही परत आली नाही. पण आता आमची कुठलीही बाई दवाखान्यात निघाली, की मी गिरणीत खाडा करून तिच्याबरोबर जाते. दार मी लावते.

सासूबाई अजून म्हणतात, दम धर गं, लोकांचा देश आहे.

मी म्हणते, "आई, देश आपलाही आहे. आणि इथे दम म्हणजे रक्त. तीन महिने दिलंय मी. आता थेंबभर देणार नाही."