डिकी, स्टेपनी आणि इंग्लंडची गाडी

तुमच्या काकाने इंग्लंडातली जुनी गाडी मागवायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी बाभुळगाव रस्त्यालगतचं आपलं शेत विकायला निघालं होतं. पैसे पाठवले की गाडी जहाजात चढणार, आणि चढली की परत नाही. फोटोत ती नवरीसारखी चकचकत होती. नागपूरचा दलाल म्हणाला, "आजी, साहेबाची गाडी आहे. डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून आपल्या घरात कुणी वांगंही घेत नाही. इथे कापूस पाहणारा माणूस ढिगावरून हात फिरवत नाही, कोपरापर्यंत आत खुपसतो. वरचा कापूस कोरडाच असतो, ओल तळाशी असते.

मी काकाला म्हटलं, "त्या माणसाला व्हिडिओवर लाव. मी बोलते."

"आई, तू कायले मधात पडून राह्यली? त्याले राग आला तं?"

"येऊ दे. राग त्याचा, शेत आपलं."

पडद्यावर विकणारा आला. मी ऐटीत इंग्रजी सुरू केलं आणि त्याला डिकी उघडून स्टेपनी उचलायला सांगितलं. तो गोंधळला. मग नम्रपणे म्हणाला, "स्टेपनी तर लंडनमध्ये आहे, मॅडम. इथून फार लांब."

काकाने तोंडावर हात धरला. "इंग्रजीत एम.ए. ना तू?"

स्टेपनी हे लंडनमधल्या एका वस्तीचं नाव निघालं. आपले हे दोन्ही शब्द तिकडे कुणाला कळत नाहीत, हे तुम्ही तरी मला आधी सांगायचं! पण मी फोन ठेवला नाही. शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, "मागचं झाकण उघडा. तिथलं जादा चाक उचला."

त्याची गरज नाही, असं तो म्हणाला.

"मग आम्हालाही घाई नाही."

त्याने चाक उचललं. खाली चिखल वाळून आटलेल्या तळ्यासारखा तडकला होता. त्यात गवताच्या काड्या अडकल्या होत्या, आणि कडेने गंज चढला होता.

"आई," काका हळूच म्हणाला, "हे तं पुरात बुडून आलेली हाये."

"बुडली खरी. आली नाही अजून."

मग मात्र आम्ही दोघंही पोट धरून हसलो. तो बिचारा पडद्यावर चाक धरून तसाच उभा!

सकाळी शेत घेणारा माणूस मोजणीची टेप घेऊन दारात हजर झाला. काकाने त्याला बसवलं. "विकाचं नाही, भाऊ. चहा घ्या." तो गेल्यावर काकाने मोटरसायकलला किक मारली आणि त्याच शेतातली तूर पाहायला गेला. मी फाटकापर्यंत गेले आणि तो वळणाआड जाईपर्यंत मान ताठ करून उभी राहिले.