अध्ययन भवनातले मामा

मामांना आशियातल्या सात-आठ भाषांतून ‘जेवलात का?’ असं विचारता येत असे.

मुंबईत आमच्या विद्यापीठाच्या आशियाई अध्ययन भवनाचे ते शिपाई. नेपाळी, कोरियन, व्हिएतनामी, कोणीही नवा विद्यार्थी आला की त्याच्याकडून हे एवढं वाक्य ते शिकून घेत. उच्चार मात्र सगळे पोलादपूरचे. कोणी हसलं तर म्हणत, “उपाशी माणसाशी कसली संस्कृती बोलायची?”

मीही तिकडचीच, बिरवाडीची. पण भवनात शिकवायला लागल्यापासून मी पुण्याची झाले होते. एकदा घाईत माझ्या तोंडून ‘नाय’ निघालं. आसपास कोणी नाही असं बघून मामांनी हळूच विचारलं, “महाडकडची काय गो तू?”

“मला मॅडम म्हणत जा,” मी म्हटलं. ते पुन्हा कधी चुकले नाहीत.

त्या वर्षी भवनात आशियातल्या भातशेतीचं प्रदर्शन भरलं. बाबा न कळवता आले. मळकी टोपी, हातात घरच्या तांदळाची पिशवी. मी जपानी पाहुण्यांबरोबर जिन्यात उभी होते. बाबांनी दारातूनच हात केला. मी पाठ फिरवली आणि पाहुण्यांना घेऊन वर गेले.

तासाभराने खाली आले तेव्हा बाबा निघून गेले होते. मामांनी त्यांना सगळं प्रदर्शन दाखवलं होतं. थायलंडच्या मुलांना बाबांनी हातवारे करून भाताची लावणी कशी करतात ते सांगितलं, मग त्यांच्याच पंगतीला बसून जेवले. पिशवी माझ्या टेबलावर होती.

“मीटिंग हाय म्हणून सांगितलं त्यांना,” मामा म्हणाले. “गाडीत बसवून आलो, मॅडम.”

मी साधे आभारही मानले नाहीत.

मामा निवृत्त होऊन पोलादपूरच्या वरच्या वाडीत राहायला गेले. गेल्या वर्षी मी धीर करून तिथे गेले. ते अंगणात वाल सोलत बसले होते. “त्या दिवशी चुकलं माझं,” मी म्हटलं.

त्यांनी हातातली शेंग संपवली. “माझी माफी कशाला मागतेस गो? पाठ काय मला दाखवलीस? जाताना वाटेत बिरवाडी हाय.”

मी बिरवाडीला थांबले. बाबा ओटीवर शेजाऱ्यांना सांगत होते, “मी गेलो तवा हिची जपानी लोकांबरोबर मीटिंग होती. बापाला भेटायलाही सवड नाय, एवढं मोठं काम!”

शेजाऱ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून चहा प्यायले आणि निघाले. बाबांना अजून सांगितलेलं नाही.