मधली ओळ

वर्षानुवर्षं अर्ज करून शेवटी शाळेला आणखी एक बाई मिळाल्या, आणि मोठ्या बाईंची झोप उडाली.

तोवर दुसरीचा आणि तिसरीचा वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायचा. समोरासमोरच्या भिंतींवर फळे, मध्ये मोठ्या बाई. दुसरीला शब्द द्यायचे, गर्रकन वळायचं, तिसरीचा धडा सुरू करायचा, तोवर मागे मारामारी. संध्याकाळी घसा बसलेला. नवरा म्हणायचा, "तू खुणांनीच बोल. मला कळतं. सोयीचं तेवढं."

आता पट वाढला, पद मंजूर झालं. हेडमास्तरांनी खोलीच्या मधोमध लोखंडी कपाटं उभी करून दोन वर्ग पाडले; दुसरी नव्या बाईंना, तिसरी मोठ्या बाईंना. सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. बाईंना मात्र चैन पडेना. धडा लवकर संपायचा. सवयीने त्या गर्रकन वळायच्या आणि कपाटाशी नजरानजर व्हायची. मुलं फिदीफिदी हसायची.

एक मुलगी हसत नसे. पूर्वी मधल्या ओळीत, दुसरीच्या पाठीला पाठ लावून बसायची ती. तिसरीत असूनही वाचनात कच्ची. पण हल्ली सुधारत होती, आणि बाईंना वाटायचं, आपल्या शिकवण्यानेच. कपाटं आली तशी ती पुन्हा पहिल्याच शब्दाशी अडू लागली. मग यायचीच बंद झाली.

शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी गेल्या. आई दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"कशाला पाठवू, बाई? घरी बाळाला तरी बघेल. एका बाईला दोन वर्ग होते, तेव्हा म्हटलं, कुठं लक्ष पुरणार. आता तुम्ही पूर्ण तिच्या वाट्याला आलात. तरी येत नाही, म्हणजे तिच्याच डोक्यात नाही."

बाई मुलीकडे वळल्या. मुलगी दारातच बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"अगं, आधी तर वाचायचीस ना?"

"आधी मागचं ऐकू यायचं." ती मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही दुसरीला सांगायचात ते."

"मग दुसरीतच बस की थोडे दिवस."

"तिथं माझा धाकटा भाऊ आहे."

तिने असं पाहिलं, की बाईंनी तो विषयच सोडला. आईकडे त्यांनी एक आठवडा मागून घेतला.

"कपाटं सरकवायची?" नव्या बाई उडाल्याच. "ताई, बरं आहे ना? साहेब कधीही तपासणीला येतात. सगळी मुलं एकत्र दिसली तर म्हणतील, दुसरं पद हवंच कशाला. आत्ता कुठं माझी बॅग रिकामी झालीये!"

"वाचनाच्या तासापुरतंच. हेडमास्तरांना मी सांभाळते."

"आणि साहेबांना?"

मोठ्या बाई कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. नव्या बाईंनी सुस्कारा सोडला आणि कपाटाला हात लावला. "ढकला तुमच्याकडून. माझ्याकडून तर मी माझी नोकरीच ढकलतेय."

मुलगी मधल्या ओळीत परतली. पाठीमागे नव्या बाई दुसरीला शब्द फोडून सांगायच्या, आणि हिचे ओठ हलायचे. मोठ्या बाईंचं अर्धं लक्ष त्या ओठांवर, अर्धं खिडकीबाहेर. फाटक वाजलं की हातातला खडू थांबायचा.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती वाचायला उभी राहिली. दोन ओळी सरळ गेल्या. तिसऱ्या ओळीशी आली, तेवढ्यात पटांगणात गाडी थांबली.

"ताई, साहेब!" नव्या बाईंनी धावत जाऊन कपाटाला खांदा लावला. कर्कश आवाज झाला, मुलीचा शब्द त्यात बुडाला. ती थबकली.

मोठ्या बाई अर्ध्या वळल्या आणि तशाच थांबल्या. "तू वाच," त्या तिला म्हणाल्या.

मुलीने बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं. व्हरांड्यात बूट वाजू लागले. नव्या बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या बोटाकडे. मग खांदा काढून घेतला.

कपाट अर्धवट सरकलेलंच राहिलं. बूट दाराशी आले, तेव्हा मुलगी वाचत होती.