आमच्यावर कर्ज नाही

उइटहॉर्न या छोट्या डच गावातलं ते घर आम्ही दोनदा आतून बघितलं आणि त्यानंतर उगाचच सायकलवरून त्याच्यासमोरून जात राहिलो. मागे छोटी बाग होती आणि वर मुलीसाठी वेगळी खोली. आमची किंमत घरमालकाने मान्य केल्याचा फोन आला तेव्हा बायकोने लगेच शिरा करायला घेतला. आता बँकेचं गृहकर्ज तेवढं मंजूर व्हायचं होतं. त्याची मला काळजी नव्हती. नोकरी कायम झाली होती, पगार बरा होता आणि आमच्यावर कसलंही कर्ज नव्हतं. हे शेवटचं वाक्य मी चारचौघांत जरा जास्तच वेळा बोलत असे.

ऑफिसात पुण्याहून नवीन आलेली मुलं फर्निचर कुठून घ्यायचं असं विचारायला यायची, तेव्हाही मी आधी हेच ऐकवायचो. "जुनं घ्या, जमिनीवर झोपा, पण हप्त्यावर काही घेऊ नका."

घरीही तोच कायदा. बायको एका पाळणाघरात काम करते. मुलगी लहान असताना बायकोला बाकफीट्स घ्यायची होती, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल. पोर पेटीत बसतं, वर पावसाचं छप्पर असतं. ती महाग असते, म्हणून तिने मला हप्त्यांची माहिती फोनवर दाखवली. मी ती धड वाचलीही नाही. "आपण असल्या भानगडीत पडत नाही," म्हटलं आणि फोन परत दिला. ती "बरं" म्हणाली. पुढचे हिवाळे तिने मुलीला साध्या सायकलच्या मागच्या सीटवर बसवून, समोरचा वारा अंगावर घेत शाळेत पोचवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण किती जपून राहतो याचा अभिमान वाटायचा.

गृहकर्जाची सल्लागार आमच्याच वयाची डच बाई होती. पहिल्या भेटीत तिने विचारलं, "कुठे काही कर्ज? हप्ते? क्रेडिट कार्ड?"

"आमच्यावर कर्ज नाही," मी म्हणालो. तिने तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या भेटीला मात्र ती कॉफी देऊन बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. या देशात कोणी कुठून उधार घेतलं आहे त्याची एका ठिकाणी नोंद होते आणि बँक ती तपासते. ती म्हणाली, "इथे एक नोंद दिसते आहे. कॅटलॉगमधून खरेदी करायचं क्रेडिट खातं. मर्यादा पाच हजार युरो."

मी बायकोकडे वळलो.

विचार करून वळलो नाही. मान आपोआप वळली. मराठीत म्हणालो, "तू काही घेतलं होतंस का?" ती काही बोलायच्या आत पुढे म्हणालो, "खरं सांग."

तिच्या हातात कप होता, तो तिने खाली ठेवला.

सल्लागारबाईला मराठी येत नव्हतं, पण तिला सगळं कळलं असावं. ती घाईने म्हणाली, "नाही, नाही. हे खातं तुमच्या नावावर आहे. कापेल आन डेन आयसेलच्या पत्त्यावर."

कापेलला मी एकटा राहत होतो, लग्नाच्या आधी. पहिली नोकरी लागली होती, पहिला पगार घराच्या डिपॉझिटमध्ये गेला होता आणि कपडे बाथरूममध्ये हाताने धुवायचा कंटाळा आला होता. एका कॅटलॉग कंपनीच्या वेबसाइटवर वॉशिंग मशीन दिसलं. खाली 'महिन्याला थोडे थोडे भरा' असं बटण होतं. मग डचमध्ये पानंच्या पानं आली. मी बोटाने ती वर ढकलत गेलो, शेवटी 'मान्य आहे'च्या चौकोनात खूण केली. पैसे उसने घेण्यालाही पैसे पडतात, अशा अर्थाची एक ओळ इथे प्रत्येक कर्जाच्या जाहिरातीखाली कायद्याने छापावी लागते. तिथेही ती असणारच. मला ती वाचल्याचं आठवत नाही.

"पण मशीनचे पैसे मी केव्हाच फेडले," मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला होता.

"हो, बाकी काहीच नाही," सल्लागारबाई शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही नुसतं मशीन घेतलं नव्हतं, खातं उघडलं होतं. ते अजून चालू आहे. उद्या सकाळी तुम्ही त्यावर पाच हजारांची खरेदी करू शकता. म्हणून बँक असं धरते, की ते पैसे तुम्ही घेतलेलेच आहेत."

तेवढ्या हिशोबाने आमचं गृहकर्ज कमी होत होतं आणि घराच्या किमतीला ते पुरत नव्हतं. उपाय सोपा होता. खातं बंद करायचं, तसं पत्र आणायचं, मुदतीच्या आत बँकेला द्यायचं.

परतीच्या ट्रॅममध्ये मी सारखा बोलत होतो. कंपनी कशी फसवते, सगळं डचमध्येच कसं असतं, मर्यादा त्यांनी परस्पर वाढवली असणार, असं बरंच काही. बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर कोट काढता काढता ती म्हणाली, "खात्याचं जाऊ दे रे. होतं असं. पण तू माझ्याकडे का बघितलंस?"

मी काहीतरी बोललो. घाबरलो होतो, सुचलं नाही, असलं काही. तिने ऐकून घेतलं आणि मुलीला आणायला शाळेत गेली.

ती गेल्यावर मी जुन्या ईमेलमधून तो करार शोधून काढला आणि भाषांतर करून पहिल्यांदा वाचला. कोणी फसवलं नव्हतं. फक्त किमान हप्ता भरत राहिलात तर उरलेल्या रकमेवर व्याज लागत राहील, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी तसंच केलं होतं, म्हणजे बिनव्याजी समजून घेतलेल्या मशीनवर मी चांगलंच व्याज भरलं होतं. पत्ता किंवा उत्पन्न बदललं तर कळवायची जबाबदारी माझी होती. कळवलं नव्हतं. मर्यादा वाढवून घेता येईल असा ईमेल आला होता आणि त्यालाही मी 'हो' म्हटलं होतं. रक्कम फिटली म्हणून खातं आपोआप बंद होत नाही, तसं लेखी सांगावं लागतं, हेही त्यात होतं.

कंपनीत फोन केला. पलीकडच्या मुलीने जुना पत्ता विचारला. मी तो अडखळत सांगितला. "तुम्ही बंद करा असं कधी सांगितलंच नाही ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, तरी मी दोनदा सॉरी म्हणालो. बायकोला मात्र तोवर एकदाही म्हटलं नव्हतं.

पत्र वेळेत आलं, बँकेने मान्य केलं, घर मिळालं.

वास्तुशांतीनंतर एका रविवारी ओळखीच्या कुटुंबांना जेवायला बोलावलं. बागेत टेबल मांडलं होतं. जेवणं चालू असताना कोणीतरी कर्जाचा विषय काढला आणि मी ती गोष्ट रंगवून सांगितली. कर्जविरोधी प्रचार करणारा माणूस आणि त्याचंच उघडं पडलेलं खातं. सल्लागारबाईची नक्कलसुद्धा केली. सगळे खूप हसले. बायको पुऱ्या घेऊन आली होती. ती दाराशी थांबून ऐकत होती.

पाहुणे गेल्यावर आम्ही खुर्च्या आत नेत होतो. ती म्हणाली, "गोष्ट छान सांगितलीस. मधलं एक गाळलंस."

मला लगेच कळलं. लोकांसमोर मी स्वतःला वेंधळा ठरवलं होतं. वेंधळेपणाला लोक हसून सोडून देतात. पण काहीही माहीत नसताना, परक्या बाईसमोर, मी तिला खोटं ठरवलं होतं, आणि तेही कसल्या भरवशावर? आजवर तिने माझ्यापासून एक रुपया लपवलेला नव्हता. पाच हजार युरोंचं ऐकल्यावर माझं नाव माझ्या मनात आलंच नाही, तिचं आलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तिथेच म्हणायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती टेबलाच्या एका टोकाला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "धर तिकडून. पाऊस येईलसं वाटतंय."