प्रभाकरच्या उंचीचा ओटा

पिपरी मेघेच्या घरी मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होतो, तेव्हा शालूवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले न जी..." एवढंच त्या बोलल्या. पुढचं त्यांच्या भावानं फोन घेऊन सांगितलं. चहा घेता घेता प्रभाकरची मान कलली आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचता आलं नाही. माझ्या हातातली नळी तशीच राहिली, टाकी भरून पाणी अंगणात वाहत गेलं.

प्रभाकर माझा शाळेपासूनचा मित्र. हिंगणघाटात त्याचं कूलरच्या सुट्या भागांचं दुकान. उंचपुरा गडी, आवाज मोठा, आणि चिकित्सा अशी की मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून भाजीवाली वैतागेपर्यंत पाहणार. मध्यंतरी त्याची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. जुन्या कूलरच्या रेग्युलेटरचं बटन तुटलं की बाजारात तसं मिळत नाही. ते आपणच घरी पाडायचं, टेबलावर मावणाऱ्या छोट्या मशीनवर. वरून प्लास्टिकचा दाणा टाकायचा, तो वितळला की दांडा खाली ओढून साच्यात दाबायचा. "माह्या मागं शालूले दुकानात गिऱ्हाइकायसंग तोंड वाजवा लागू नये. घरातल्या घरात तिचं काम चाललं पायजे," नागपूरच्या बसमध्ये तो म्हणाला. मी चिडलो, "काय अभद्र बोलून राह्यला बे!" तो नुसता हसला.

मशीन पाहायला आम्ही अशा थाटात जायचो, जणू मुलगीच पाहायला निघालोय. वहिनी पोळी-भाजीचा डबा बांधून द्यायच्या. प्रभाकरच्या खिशात एक जुनं बटन असायचं; ते विक्रेत्याच्या काट्यावर ठेवून तो विचारायचा, एका दाबात एवढं प्लास्टिक जाईल ना? घरच्या विजेच्या लाइनीवर चालेल ना? साचा बसायला जागा किती? एकानं हवेच्या दाबावर चालणारी मशीन दाखवली, नुसती कळ दाबायची. यानं नाक मुरडलं. "तिले कॉम्प्रेसर लागते. घरात दिवसभर खडखड कोण आयकन? अन् बिघडला का फिरा मेकॅनिकच्या मागं!" शेवटी हातदांड्याची पसंत पडली. स्वतः दांडा ओढून पाहिला आणि लहान मुलासारखा खूश झाला. "लोण्यावानी जाते बे!" मग मागच्या खोलीत मशीन ठेवायला सिमेंटचा ओटा बांधून घेतला, गवंड्याला स्वतःच्या कमरेशी हात लावून उंची दाखवत.

वहिनी जेमतेम त्याच्या खांद्याला लागायच्या. अंगानंही काडी. इतकं सगळं पारखणाऱ्या माणसाला त्यांना एकदा सोबत न्यावं, त्यांचा हात दांड्याला लावून पाहावा, हे काही सुचलं नाही. आमच्याकडे अशा खरेदीला पुरुषांनी जायचं आणि बाईनं डबा द्यायचा, हे इतकं ठरलेलं... मला याचंच राहून राहून वाईट वाटतं. मशीन आली, त्यानं थोडी बटनं पाडली, वहिनींना "उद्या शिकवतो" म्हणत राहिला. तो उद्या आलाच नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी गेलो, तर वहिनी ओट्यापाशी जेवायचा पाट ठेवून त्यावर उभ्या होत्या. दोन्ही हातांनी लोंबकळून त्यांनी दांडा ओढला. साचा उघडला, तर बटन एका बाजूनं अर्धवट. दाब पुरला नव्हता. मी म्हणालो, दुकानदाराशी बोलतो, ती नुसती कळ दाबायची मशीन बदलून आणू.

"मशीनमंदी काई खोट नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायनं सारं पाह्यलं. दाणा पाह्यला, साचा पाह्यला, लाइन पाह्यली... जिच्यासाठी आणली तिचा हात तेवढा नाई पाह्यला."

अर्धवट बटन त्यांनी पुन्हा वितळायला दाण्याच्या डब्यात टाकलं. स्वयंपाकघरातून दुसरा पाट आणला, प्रभाकर जेवायला बसायचा तो, आणि पहिल्यावर ठेवला.

"जरा धरता का जी? हालते."

मी खाली बसलो आणि पाट घट्ट धरला.