टोपी घालून पळ

आमच्या भागात त्या काळी उगीच कुणी पळत नसे. बैल उधळला तर माणूस पळायचा, कडब्याच्या गंजीला आग लागली तर पळायचा, नाहीतर कुणी गेल्याचा सांगावा घेऊन पळायचा. तब्येतीसाठी पळायचं हे खूळ निजामाच्या राज्यात, निदान आमच्या राजूरच्या रस्त्याला तरी, कुणाच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात शिरलं आणि घरात रडारड झाली.

मी तेव्हा जुन्या जालन्यात मामांकडे राहून शिकत होतो. तिथल्या तालमीत जोर-बैठका काढून दंड असे फुगले होते की सदरा शिवताना शिंपी कुरकुर करायचा. छावणीच्या मैदानावर निजामाच्या फौजेतून पेन्शनीत निघालेले एक उस्ताद पोरांना मुक्केबाजी शिकवायचे. मी तिथं गेलो तो छाती काढूनच. मला हे काय शिकवणार! उस्तादांनी माझ्यापुढं एका अत्तरवाल्याचा काडीसारखा पोरगा उभा केला. पहिल्या फेरीत मी त्याला बदडून काढला. दुसऱ्या फेरीत माझे हात खाली यायला लागले. तिसऱ्या फेरीत तो मला टपल्या माराव्यात तसे ठोसे मारत होता आणि मी तोंड वासून उभा. श्वासच मिळेना!

उस्ताद हसले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "हातां तो सबके चलते, मियाँ. दम कितना चलता, वो देखना. कल से दौड."

"उस्ताद, मी जोर वाढवतो की," मी म्हणालो.

"नक्को. जोर बहोत है तेरे पास. उस जोर कू तीसरी फेरी तक लेके जानेवाला दम नै."

झालं, दौड सुरू झाली. सकाळी उठायचं, कुंडलिका नदी ओलांडायची आणि राजूरच्या रस्त्यानं सुटायचं. पहिले काही दिवस नुसते हाल. बरगडीखाली कळ यायची, रस्त्याकडेला बसून ओकायचो. तालमीतले दोस्त ओट्यावर बसून ओरडायचे, "ओ पैलवान, कोण मागं लागलं? सावकार का सासरा?" मला असा राग यायचा! पण रागानं पळालं की जल्दी दम लागतो हेही तेव्हाच कळलं. मंग राग सोडला. खांदे सैल सोडायचे, मुठी आवळायच्या नाहीत, श्वास नाकानं घ्यायचा, हे कुणी न सांगता अंगात उतरत गेलं. महिन्याभरानं त्या अत्तरवाल्याच्या पोराबरोबर पुन्हा उभा राहिलो. तिसरी फेरी संपली तेव्हा मी चक्क बोलू शकत होतो. बोललोही, नको तेवढं.

उस्तादांचा नियम होता की आठवड्याला एक दौड लांबची पाहिजे. मी म्हटलं, लांबच जायचं तर गावीच जाऊ. मायच्या हातची भाकर खाऊ. आमचं गाव राजूरच्या अलीकडेच होतं. टोपी पळताना सारखी उडायची, म्हणून ती मामांच्या घरी खुंटीला अडकवली आणि निघालो.

आता हे नीट ध्यानात घ्या. त्या काळी आमच्याकडचा गडी बोडक्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर पडत नसे. डोकं उघडं म्हणजे घरात कुणी तरी गेलं. त्यात माझा बाप आदल्या दिवशी ज्वारीची गाडी घेऊन जालन्याच्या मोंढ्यात गेल्ता आणि अजून परतला नव्हता. माय खळ्यावर उफणत होती. तिनं मान वर करून पाहिलं तर पोरगा जालन्याकडून पळत येतोय, घामाघूम, बोडका.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं माय माय! गेले गं!" म्हणत ती तिथंच बसली. आजूबाजूच्या शेतांतल्या बाया धावल्या. मी पोहोचेपर्यंत रडण्याचा मोठा कल्लोळ झाला होता. मलाच कळेना कोण गेलं! मंग एकदम उजेड पडला.

"माय, बा चांगला हाय! कुणाला काय झालं न्हाई! मी नुसता पळून राह्यलो!"

"नुसता?" तिनं डोळे पुसले. "नुसता कामून पळतो रे मुडद्या?"

आधी तिनं मला छातीशी धरलं, मंग पाठीत असा धपाटा घातला की तसा ठोसा मला पुढं कुणी मारला नाही. धपाटा खाऊनही मला बरं वाटलं. ती हसायला लागली होती.

बाप मात्र हसला नाही. संध्याकाळी गाडी घेऊन आला तर त्याच्याच दारात बाया जमलेल्या. "मी जिता हाय अन् माझ्या नावानं रडून राह्यले!" मंग सगळा राग माझ्यावर. "तुझी मुक्केबाजी बंद. शाळा बी बंद. उद्यापासून औत धर."

पंधरवड्यावर छावणीत औरंगाबादच्या पोरांशी लढती होत्या. मी बापाच्या पाया पडलो, हट्ट केला, जेवलो नाही. शेवटी मायच मधी पडली. "पळू द्या त्याला. पण टोपी घालून पळ रे बाबा."

बाप म्हणाला, "एकच लढत. मी सोता बघणार. हरला तर बिलकुल तोंड उघडायचं न्हाई, घरी यायचं." मायनं राजूरच्या गणपतीला नारळ बोलला. मी जालन्याला परतलो आणि टोपी सुतळीनं हनुवटीखाली बांधून पळायला लागलो. दोस्तांना तर सणच मिळाला.

लढतीच्या दिवशी माझ्यापुढं आला तो माझ्याहून थोराड. पहिल्याच फेरीत त्यानं माझा डावा डोळा बंद केला. दुसऱ्या फेरीत मी फक्त उभा राहिलो, एवढंच. माझी शाळा, छावणीचं मैदान, उस्ताद, सगळं हातातून चाललं असं वाटलं. तिसऱ्या फेरीत आम्ही अगदी जवळ आलो आणि मला त्याचा श्वास ऐकू आला. लोहाराचा भाता! तो तोंडानं श्वास घेत होता. मी नाकानं घेत होतो. उस्ताद ओरडले, "अब!" मला ओरडून सांगायची गरज नव्हती. त्याचे हात खाली आले होते, माझे चालत होते, आणि पाय तर आता कुठं रस्त्याला लागल्यासारखे हलके होते. निकाल माझ्या बाजूनं लागला. आनंद नंतर झाला. आधी नुसतं सुटलो असं वाटलं.

लढत बघून बाप मला गाडीत घेऊन गावाकडं निघाला. मंग म्हणाला, "त्याला दम लागला. तुला कामून न्हाई लागला?"

"पळतो म्हणून."

"हं," बाप म्हणाला, आणि बैलांच्या पाठीवर उगीच हात फिरवला.

गाव दिसायला लागलं. बैल रेंगाळत चालले होते. बाप एकदम खेकसला, "तिकडं तुझी माय सकाळपासून दारात असंल, अन् तू इथं आरामात बसून राह्यलास? जा की पळत! मंग काय फुकट शिकलास?"

मी उडी मारली. मागून बापाचा आवाज आला, "आरं, टोपी!" आणि पाठोपाठ टोपी आली. ती डोक्यावर दाबली आणि सुटलो.

माय वेशीपाशीच उभी होती, कपाळावर आडवा हात धरून. मी लांबूनच डोक्याकडं बोट केलं. ती मागच्या बायांना ओरडून सांगायला लागली, "टोपी हाय! टोपी हाय गं!"

जवळ गेलो तेव्हा तिला माझा सुजलेला डोळा दिसला. मी मनाशी म्हटलं, आता काही खरं नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं वळवून पाहिलं, मंग टोपी नीट सरळ केली.

"डोळा काय, उतरंल," ती म्हणाली. "उद्या पळायला कवा उठवू?"